पंखा नव्हे, आवाज बंद करा

मैत्रिणींनो, आपल्या घरात आवाज करणाऱ्या वस्तू काही कमी नसतात. मिक्सर आहे, कुकरची शिट्टी आहे, वॉशिंग मशीन आहे, टाकीत पाणी चढवणारी मोटर आहे. यांतल्या एखादीचा आवाज सहन होत नाही म्हणून ती वस्तू वापरणंच सोडून दिलं, असं घर मला अजून दिसलेलं नाही. मिक्सर लागला की टीव्हीसमोरचे चेहरे जरा वाकडे होतात, पण 'आज चटणी नको' असं कुणी म्हणत नाही. एका वस्तूच्या नशिबी मात्र हे भाग्य नाही. ती घरात येते, आठ दिवस कौतुकाने चालते आणि महिन्याभरात तिचं बटण जे बंद होतं ते बंदच राहतं. ती वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन.

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. दोन्हीकडे आता कौलारू घरं पाडून स्लॅबची घरं झाली आहेत, बाजारपेठेच्या मागे चार-चार मजली इमारती उभ्या आहेत. बचत गटाच्या कामासाठी हिंडताना माझं जाणं थेट स्वयंपाकघरापर्यंत होतं. बहुतेक ठिकाणी एकच चित्र. भिंतीत वरच्या बाजूला गोल भोक, त्यात पंखा, पंख्यावर तेलकट धुळीचा थर आणि खाली ओट्याशी पदराने घाम पुसत, खोकत उभी असलेली घरधनीण. 'लावत नाहीस का गं हा?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं. 'फार आवाज करतो हो ताई. ह्यांना बातम्या ऐकू येत नाहीत.'

म्हणजे बातम्या ऐकू याव्यात म्हणून धूर कुणी गिळायचा, तर हिने! आणि गंमत म्हणजे हा निर्णय कुणी बसून घेतलेला नसतो. कुणी रागावलेलं नसतं, भांडलेलं नसतं. 'जरा बंद कर गं तो' एवढंच कुणीतरी म्हणतं आणि ती करते. पुढे पुढे तर कुणी म्हणायचीही गरज उरत नाही. ती आपणहून बटण दाबत नाही.

मिक्सर चालतो आणि पंखा चालत नाही, असं का? मला वाटतं, मिक्सरमधून चटणी निघते, ती ताटात दिसते. पंख्यातून जे निघतं ते घराबाहेर जातं. ते कुणाच्या ताटात पडत नाही आणि त्याचा फायदा सगळ्यात जास्त एकाच माणसाला होतो, जे माणूस ओट्यापाशी उभं असतं. घरात चार माणसांच्या उपयोगाच्या आवाजाला क्षमा असते, एकीच्या उपयोगाच्या आवाजाला नसते.

कुणी म्हणेल, आता गॅस आला, धूर कुठे राहिला? आमच्या आज्या-पणज्यांनी चुली फुंकल्या, त्यांना कुठे होते पंखे? त्यांना पंखे नव्हते हे खरं, पण डोक्यावर कौलं होती. कौलांच्या फटींतून धूर वाट काढायचा. पावसाळ्याच्या दिवसांत चूल पेटली की कौलांवर निळसर धूर रेंगाळताना दिसायचा. स्लॅबला अशी फट नसते. त्यात आता खिडक्यांना सरकत्या काचा आणि डासांच्या जाळ्या आल्या. घर पक्कं झालं, पण स्वयंपाकघराचं नाक बंद झालं.

आणि आज्या-पणज्यांना काही झालंच नाही, हेही खरं नव्हे. माझी आत्या रोह्यातच राहायची. जन्मभर चूल, नंतर रॉकेलचा स्टो, शेवटची काही वर्षं गॅस. साठी उलटली आणि तिला धाप लागायला लागली. बाजारातून घरापर्यंत येताना तीन ठिकाणी टेकायची. डॉक्टरांनी तपासून विचारलं, 'विडी-बिडी ओढत होतात का?' आत्या इतकी ओशाळली! जिने कधी मिश्रीसुद्धा लावली नाही, तिची फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी झाली होती. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. हा आजार धूम्रपान करणाऱ्यांचा, असंच पूर्वी मानलं जायचं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला. कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही हा आजार होतो आणि स्वयंपाकाचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन संशोधक गुजरातच्या खेड्यांत आले होते. चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजण्याची छोटी यंत्रं लावून त्यांनी धूर मोजला. तोवर धूर मोजायचा म्हणजे कारखान्याच्या चिमणीचा, असाच समज होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. यात मुख्य वाटा लाकूड, शेणी, कोळसा आणि रॉकेलचा. गॅस त्या मानाने खूपच बरा, यात शंका नाही. पण गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू निघतातच आणि फोडणीचा ठसका काही गॅस बदलला म्हणून जात नाही. कडकडीत तापलेल्या तेलाच्या धुरात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात, ते थेट फुप्फुसात उतरतात. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात कडक आचेवर तळताना निघणाऱ्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' अशा गटात टाकलं आहे. घाबरून तळण बंद करा असं मी सांगत नाही. दिवाळी आहे, पापड-फेण्या आहेत, सुकट-बोंबील आहेत, पेण-रोह्याच्या बाईला तळण कसं सुटणार? पण तळताना पंखा चालू हवा, एवढं तरी आपण मानायला हवं.

आता दुसरी बाजू. आवाजाची तक्रार करणारे सगळेच आपमतलबी असतात असं अजिबात नाही. घरात दहावीचं पोर अभ्यासाला बसलेलं असतं, सासऱ्यांना बरं नसतं, त्यांना आवाज खरंच सोसत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. ती घराबाहेरच्या परिसरासाठी आहे, स्वयंपाकघरासाठी नव्हे. पण शांतता ही माणसाची गरज आहे, एवढं त्यावरून कळतं. शिवाय त्या खडखडाटाच्या सगळ्यात जवळ कोण उभी असते? तीच! म्हणून 'आवाज सहन करा' हा माझा सल्ला नाही. माझं म्हणणं एवढंच की नव्या पंख्याचा आवाज हा पंख्याचा स्वभाव समजू नका. तो बहुतेक वेळा बसवण्यातला दोष असतो आणि दोष काढता येतो.

आमच्याकडे यंदा गणपतीच्या आधी नवा पंखा बसला. चालू केला तर घरात ताशा वाजतोय असं वाटावं! दुसऱ्याच दिवशी 'अहो, तो काढूनच टाकूया का?' असा विषय निघाला. मी म्हटलं, काढायचा नाही, वायरमनला परत बोलवायचं. तो आला, त्याने काय काय पाहिलं ते मी शेजारी उभी राहून बघितलं, विचारून घेतलं. तेच तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, आवाज कुठून येतो ते ओळखायचं. पंखा चालू असताना त्याच्या बाहेरच्या चौकटीवर, पात्यांपासून दूर, तळहात दाबून धरा. आवाज कमी झाला तर दोष चौकटीत आहे. खिडकीची काच काढून तिथे पत्रा किंवा पातळ प्लायवूड ठोकायचं आणि त्यावर पंखा बसवायचा ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. तो पत्रा डफासारखा घुमतो. पत्र्याऐवजी जाड फळी, चौकटीच्या मागे रबराची पट्टी, प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर, एवढ्याने आमचा निम्मा ताशा थांबला. खर्च म्हणाल तर भाजीच्या पिशवीपेक्षा कमी.

दुसरी गोष्ट, बटण बंद करा आणि ऐका. बटण बंद होताक्षणी घूं घूं थांबली तर ती मोटरची, म्हणजे विजेच्या बाजूची. पंखा छताच्या फॅनच्या रेग्युलेटरला जोडलेला असेल तर कधी कधी अशी घूं घूं येते, तो सरळ बटणाला जोडून बघावा. बटण बंद करूनही पातं फिरेपर्यंत खरखर चालूच राहिली तर पातं कुठेतरी घासतंय, वाकलंय, नाहीतर बुश किंवा बेअरिंगमध्ये दोष आहे. नव्या पंख्यात असं असेल तर दुरुस्त करत बसू नका. बिल आणि गॅरंटी कार्ड घेऊन दुकानात जा आणि बदलून मागा. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

तिसरी गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते. पंखा हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट हवी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आपण स्वयंपाकघराचं दार लावून घेतो, खिडक्याही बंद. मग पंखा कोंडल्यासारखा होतो, आवाज वाढतो आणि धूर तिथेच राहतो. दार किंवा लांबची खिडकी थोडी उघडी ठेवा. मात्र पंख्याला लागून असलेली खिडकी बंद ठेवा, नाहीतर पंखा त्या खिडकीतूनच हवा घेतो आणि बाहेर टाकतो, शेगडीवरचा धूर आहे तिथेच!

चौथी गोष्ट झडपांची आणि जाळीची. बाहेरच्या झडपा वाऱ्याने टकटक वाजतात, त्यांच्या कडेला फोमची बारीक पट्टी चिकटवली की गप्प बसतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यामुळे बाहेरून पावसाळी छप्पर हवंच, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज चढतो. जाळी आणि पाती महिन्यातून एकदा सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा. पात्यांवर एका बाजूला मेण साचलं की तोल जातो आणि पंखा थरथरतो. पुसण्याआधी नुसतं बटण नाही, मेन स्विचही बंद करा. आणि मैत्रिणींनो, पंख्याला खोबरेल तेल घालू नका! ते थंडीत थिजतं आणि धूळ धरून चिकट होतं. तेल घालायची सोय असलेला पंखा असेल तर शिलाई मशीनचं तेल दोन थेंब.

नवा घेणार असाल तर आधी हिशोब करा. तुमची खोली आठ बाय दहा फूट आणि नऊ फूट उंच असेल तर त्यात ७२० घनफूट हवा मावते. स्वयंपाकघरातली हवा तासात साधारण १५ वेळा बदलावी असं धरलं तर तासाला १०,८०० घनफूट, म्हणजे सुमारे ३०० घनमीटर हवा खेचणारा पंखा हवा. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो. तेवढीच हवा खेचणारे दोन पंखे असतील, एक छोटा आणि जोरात फिरणारा, दुसरा मोठा आणि सावकाश फिरणारा, तर मोठा घ्या. पात्यांचा वेग वाढला की हवा थोडी वाढते, आवाज मात्र कितीतरी जास्त वाढतो. विजेची काळजी असेल तर तोही हिशोब ऐका. ४० वॅटचा पंखा रोज तीन तास चालला तर महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट होतात. घरातल्या कुठल्याही खर्चात हा शोधूनही सापडणार नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. घरात गॅसचा वास आला तर 'हवा बाहेर जाईल' म्हणून पंखा लावायला धावू नका. बटणाच्या ठिणगीने भडका उडू शकतो. कोणतंही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर कळवा.

आता शेजाराचं बघू. आपल्या पेणच्या इमारतींत दोन घरांच्या स्वयंपाकघरांमध्ये जेमतेम चार हातांचं अंतर असतं. एकीचा पंखा दुसरीच्या खिडकीत ओकतो. कितीतरी घरची माणसं पहाटेच्या गाडीने पनवेल-मुंबईला नोकरीला जातात, म्हणून डब्यासाठी बायका चारला उठतात. तेव्हा पंखा लावला की शेजारचं तान्हं बाळ उठतं. आमच्या गटातल्या दोन मैत्रिणींचं यावरून बोलणंच बंद झालं होतं. एकीला पंख्याचा खडखडाट सोसेना, दुसरीला सुकट भाजल्याचे टोमणे सोसेनात. शेवटी आम्ही चौघीजणी वायरमनला घेऊन गेलो. पंख्याच्या बाहेर वरच्या दिशेने वळवलेला पत्र्याचा कोपरा बसवला, चौकटीखाली रबर घातलं. पहाटे पंखा लावायचा तो फोडणीपुरता, असं दोघींनी ठरवलं. आता त्या दोघी एकमेकींकडे सुकट मागायला जातात. ही तक्रार सोसायटीच्या मीटिंगपर्यंत नेण्यापेक्षा वायरमनपर्यंत नेलेली बरी.

हे सगळं वाचून 'एका पंख्यासाठी एवढं?' असं काहीजणींना वाटेल. पण प्रश्न एका पंख्याचा नाही. १९८३ च्या सुमारास सरकारने निर्धूर चुलींचा मोठा कार्यक्रम सुरू केला होता, तो २००२ पर्यंत चालला. लाखो चुली घातल्या गेल्या. कल्पना चांगलीच होती. पण धुराडं काजळीने भरलं, चुलीला तडे गेले, की पुढे काय, हे बघणारं बऱ्याच ठिकाणी कुणी उरलं नाही. आणि बाई परत साध्या चुलीकडे वळली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर पोचले, ही मोठीच गोष्ट झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा असावी असं ठरलं. पण आमच्या भागातल्या वाड्यांवर मी बघते, सिलिंडर परवडला नाही की त्याच स्लॅबच्या खोलीत चूल पेटते आणि धुराला जायला कौलाची फटही नसते. तिथे पंख्याची गोष्टच दूर. निदान समोरासमोरच्या भिंतींत वर दोन झरोके ठेवा, चूल पडवीत घ्या, हे घर बांधतानाच सांगणारं कुणीतरी हवं. वस्तू दिली, बसवली, फोटो काढला, की काम संपलं असं आपण समजतो. ती रोज वापरणारीला त्रास काय होतो, हे विचारायला दुसऱ्यांदा कुणी येत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या पंख्याचंही हेच होतं.

रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या आळीतली किती माणसं कामाला जायची. कामाच्या जागी खेळती हवा हवी, धूळ-धूर बाहेर काढण्याची व्यवस्था हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. तिथला ब्लोअर आवाज करतो म्हणून कुणी तो बंद ठेवा म्हटलं तर कामगार ऐकून घेतील का? ते मिस्त्रीला बोलावतील. दुरुस्त होईपर्यंत साहेबाच्या मागे लागतील. स्वयंपाकघरही कामाचीच जागा आहे. तिथे रोज चार-पाच तास उभी राहणारी बाई हजेरीपत्रकावर नसते, म्हणून तिच्या हवेसाठी कायदा नाही. तिने स्वतःच मागे लागायला हवं.

तेव्हा एवढं करा. घरात बंद पडून राहिलेला पंखा असेल तर येत्या रविवारी, घरातली सगळी जण असताना, तो चालू करा आणि त्यांनाच चौकटीवर हात ठेवून बघायला सांगा. आवाजाची तक्रार ज्याची असेल, वायरमनला फोन करायचं काम त्याच्याकडे द्या. नवा घ्यायचा असेल तर दुकानात तुम्ही स्वतः जा, तो तिथेच लावून दाखवायला सांगा आणि कानाने ऐकूनच पैसे द्या. बटण ओट्याजवळ, तुमचा हात पोचेल असं बसवून घ्या. आणि दुरुस्ती होईपर्यंत कुणी 'बंद कर गं तो' म्हणालंच, तर बातम्यांचा आवाज दोन आकडे वाढवायला सांगा. फोडणी संपेपर्यंत पंखा चालू राहील.